एक बोलतो, सगळे ऐकतात

15 सप्टेंबर 1916 रोजी फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर ब्रिटिशांनी इतिहासातले पहिले रणगाडे लढाईत उतरवले. त्यांच्या पोटात तोफा होत्या, मशीनगन होत्या आणि मागच्या मुख्यालयाकडे निरोप धाडण्यासाठी कबुतरेही होती. इंजिनाचा आवाज इतका की आत बसलेल्यांना एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलावे लागे. शेजारच्या रणगाड्याला काही सांगायचे तर झेंडी दाखवायची, नाहीतर उतरून गोळ्यांच्या माऱ्यात चालत जायचे. पुढच्या वर्षी कांब्रेच्या लढाईत काही रणगाड्यांवर बिनतारी संच चढवले गेले, पण ते चालता चालता बोलू शकत नव्हते. आधी थांबायचे, मग एरियल उभारायची आणि मग मोर्समध्ये संदेश पाठवायचा. धूर आणि धूळ एकदा उठली की शंभर रणगाड्यांची फौज शंभर एकट्या रणगाड्यांची होऊन जाई. चालत्या समूहाने समूह म्हणून टिकायचे कसे, हा प्रश्न त्या दिवसापासून सैन्यांपुढे उभा राहिला आणि आजच्या संगणकीय रेडिओ-जाळ्यांपर्यंत तो सुटता सुटता पुन्हा उभा राहत आला आहे.

या शंभर वर्षांचा इतिहास सहसा यंत्रांच्या प्रगतीची कथा म्हणून सांगितला जातो: आधी मोर्स, मग आवाज, मग आकडे, मग चित्रे. ती कथा खोटी नाही, पण तिच्यातून मुख्य गोष्ट निसटते. बिनतारी लहरीचा स्वभाव असा, की एकाने उच्चारलेले टप्प्यातल्या सगळ्यांना एकाच वेळी ऐकू येते. तारेच्या टेलिफोनला हे जमत नाही. दहा रणगाड्यांना तारेने जोडायचे तर 45 जोड्या होतात. बिनतारीवर एका वाक्यात नऊ जणांना हुकूम पोहोचतो. याच स्वभावाची दुसरी बाजू अशी, की दोघे एकदम बोलले तर कुणालाच धड काही ऐकू येत नाही. हवा एकच आहे आणि ती सगळ्यांत वाटून घ्यावी लागते. माझे म्हणणे असे, की फिरत्या सैनिकी तुकडीचे संदेशवहन किती चांगले चालेल हे संचाच्या ताकदीपेक्षा या वाटणीच्या शिस्तीवर ठरत आले आहे. ज्यांनी लहरीचा हा स्वभाव ओळखून थोडी तोंडे आणि पुष्कळ कान अशी रचना केली, त्यांच्या तुकड्या टिकल्या. ज्यांनी बिनतारीला तार नसलेला टेलिफोन समजून प्रत्येकाला प्रत्येकाशी खासगीत बोलू द्यायचे ठरवले, ते अडले.

पहिले मोठे पाऊल ब्रिटनमध्ये पडले. 1931 साली सॉल्सबरीच्या पठारावर ब्रिगेडियर चार्ल्स ब्रॉड यांनी रॉयल टँक कोअरच्या एका ब्रिगेडची कवायत केली. तोवर रणगाड्यातल्या संचाची वारंवारता धक्क्यांनी आणि उष्णतेने सरकत असे. एक संच एका जागी बोलायचा आणि दुसरा भलत्याच जागी ऐकायचा. स्फटिकाच्या साहाय्याने वारंवारता घट्ट धरून ठेवणारे संच आल्यावर समूहाला एका ठिकाणी जमणे शक्य झाले. सर्व रणगाड्यांत संच नव्हते. वरिष्ठांच्या रणगाड्यांत रेडिओ आणि बाकीच्यांना झेंड्या, अशी मिश्र व्यवस्था होती. तरीही एक संपूर्ण ब्रिगेड एका माणसाच्या आवाजावर वळते, थांबते आणि पुन्हा चालू लागते, हे प्रथमच दिसले. पुढे 1934 मध्ये पर्सी होबार्ट यांनी कायमस्वरूपी स्थापन झालेल्या टँक ब्रिगेडला याच मार्गाने तयार केले. ब्रिटनमध्ये पैशांची आणि श्रद्धेची दोन्हींची चणचण होती, त्यामुळे हे प्रयोग प्रयोगच राहिले. त्यांचे अहवाल आणि त्यांवरचे लेख मात्र समुद्रापलीकडे फार बारकाईने वाचले जात होते.

वाचणाऱ्यांत हाइन्झ गुडेरियन होते. रणगाड्यांचा सेनापती म्हणून ते प्रसिद्ध आहेत. पण त्यांची घडण बिनतारी संदेशवहनात झाली होती, हे फारसे सांगितले जात नाही. पहिल्या महायुद्धाआधी ते टेलिग्राफ बटालियनमध्ये होते आणि 1914 साली फ्रान्समध्ये शिरणाऱ्या घोडदळासोबतचे बिनतारी केंद्र त्यांच्या हाती होते. म्हणूनच प्रत्येक रणगाड्यात संच असलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. जर्मन कारखाने सगळ्यांना पूर्ण संच देऊ शकत नव्हते, तेव्हा जो तोडगा निघाला तो या इतिहासातला सर्वांत बोधप्रद आहे. तुकडीप्रमुखाच्या रणगाड्यात बोलण्या-ऐकण्याचा दहा वॉटचा एफयू-5 हा संच, आणि सुरुवातीच्या काळात बहुतेक साध्या रणगाड्यांत एफयू-2, म्हणजे फक्त ऐकण्याचा संच. काटकसरीतून आलेल्या या रचनेने गोंधळाचे मूळच कापले. ज्यांना बोलताच येत नाही ते दुसऱ्याच्या बोलण्यावर बोलू शकत नाहीत. हवा मोकळी राहते आणि प्रमुखाचा शब्द एका दमात सगळ्यांच्या कानी पडतो. चालत्या रणगाड्यातून या संचाचा टप्पा दोन-तीन किलोमीटरच होता. तुकडीला तेवढा पुरे होता आणि शेजारच्या तुकडीला त्याचा त्रासही होत नव्हता. शिवाय पॅन्झर-3 मध्ये पाच माणसे असत. बिनतारी चालवायला स्वतंत्र माणूस आणि तोफेच्या कामातून मोकळा केलेला प्रमुख, त्यामुळे ऐकलेल्या हुकमावर विचार करायला कुणीतरी रिकामे असे.

10 मे 1940 रोजी जर्मनीने पश्चिमेकडे हल्ला केला तेव्हा तिच्याजवळ सुमारे 2,400 रणगाडे होते आणि त्यांतले निम्म्याहून अधिक हलक्या बनावटीचे होते. फ्रान्सजवळ संख्येने जास्त आणि चिलखताने भारी रणगाडे होते. पण रेनो आर-35 मध्ये दोन माणसे, सोमुआमध्ये तीन, आणि बुरुजात एकच माणूस. त्यानेच तोफ भरायची, नेम धरायचा, डागायची, बाहेर पाहायचे आणि तुकडीही चालवायची. अनेक फ्रेंच रणगाड्यांत संच नव्हता. जड बी-1 बिसमध्ये होता, पण तो मुख्यतः मोर्सवर चालणारा. 12 ते 14 मे दरम्यान बेल्जियममध्ये हानुटजवळ रणगाड्यांची तोवरची सर्वांत मोठी लढाई झाली. तिथे फ्रेंच शिपाई शौर्याने लढले, पण त्यांचे रणगाडे सुटे सुटे लढताना जर्मनांना दिसले. जर्मन तुकड्या एका हाकेवर दिशा बदलून एकेका फ्रेंच रणगाड्याभोवती गोळा होत होत्या. खाली जी त्रुटी होती तीच वरही होती. सरसेनापती गामलाँ यांच्या व्हँसेनच्या किल्ल्यातील मुख्यालयात बिनतारी केंद्रच नव्हते; टेलिफोन आणि मोटारसायकलवरचे निरोपे यांच्या भरवशावर एका मोठ्या देशाची फौज हलवली जात होती. 13 मे रोजी गुडेरियन यांच्या फौजेने सेदानजवळ म्यूज नदी ओलांडली आणि 20 मे रोजी ती आबव्हिलमार्गे समुद्राला भिडली. आठवडाभरात लढाईचे चित्र रोज पालटत असताना फ्रेंच हुकूम पोहोचेपर्यंत शिळा होत होता.

इथे एक रास्त आक्षेप येतो. फ्रान्स हरला तो संचांमुळे नव्हे. राखीव असलेले सातवे सैन्य हॉलंडच्या दिशेने पाठवले गेले, आर्देनचे जंगल अभेद्य मानले गेले, आकाश जर्मन विमानांच्या ताब्यात राहिले, ही खरी कारणे आहेत असे इतिहासकार सांगतात, आणि ते बरोबरच आहे. 16 मे रोजी स्टोन गावात पिएर बियोत यांच्या एकट्या बी-1 बिसने शत्रूच्या रांगेत शिरून तेरा जर्मन रणगाडे निकामी केले. त्यावर बसलेल्या सुमारे 140 तडाख्यांपैकी एकही आत शिरला नाही. यंत्र कमी नव्हते, माणूस कमी नव्हता. पण हा पुरावा माझ्या म्हणण्याच्या बाजूचाच आहे. एकट्याने एवढे करू शकणारी शेकडो यंत्रे हाताशी असून त्यांचा एकत्रित घाव घालता आला नाही. चुकीच्या योजनेची दुरुस्ती करायला वेळ लागतो, आणि तो वेळ संदेशवहनच मिळवून देते. फ्रान्सची योजना चुकली हे पराभवाचे पहिले कारण खरे. ती चूक सुधारता आली नाही हे दुसरे, आणि त्या दुसऱ्या कारणात रेडिओचा वाटा फार मोठा आहे.

दुसरा आक्षेप सोव्हिएत रशियाचा. 1941 साली तिथल्या बहुसंख्य रणगाड्यांत संच नव्हते, आणि शेवटी जिंकला तो रशियाच. संच नसलेल्या रणगाड्यांनी लढायचे कसे, याचे उत्तर तिथे एका साध्या नियमात होते: मी करतो तसे करा. प्रमुखाच्या रणगाड्याकडे डोळे लावून बाकीचे त्याच्यामागे जात. याची किंमत भयंकर होती. युद्धापूर्वीच्या टी-26 सारख्या रणगाड्यांत संच असलेल्या गाडीच्या बुरुजाभोवती कठड्यासारखी एरियल असे, त्यामुळे प्रमुख कोणता हे शत्रूला दुरून कळे. तो पेटला की उरलेल्यांना काय करायचे ते सांगणारा कुणी नसे. रशियाने ही किंमत मोजली आणि धडाही घेतला. युद्धाच्या उत्तरार्धात आलेल्या टी-34-85 मध्ये रेडिओ हा नेहमीचा भाग झाला आणि बुरुजात तिसरा माणूस आला, म्हणजे प्रमुख मोकळा झाला. विजयाच्या दिवशी जे सैन्य बर्लिनमध्ये होते ते रेडिओवर चालणारे सैन्य होते.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र तिसरा आहे. सगळ्यांना ऐकू जाते म्हणजे शत्रूलाही ऐकू जाते, आणि कधीकधी ज्याने ऐकू नये अशा आपल्याच वरिष्ठालाही. 17 मे 1940 रोजी गुडेरियन यांना थांबण्याचा हुकूम आला. वाटाघाटीनंतर केवळ जोरदार टेहळणीची परवानगी मिळाली, तेव्हा त्यांनी आपल्या मुख्य ठाण्यापासून पुढच्या ठाण्यापर्यंत टेलिफोनची तार टाकून घेतली. बिनतारीवर दिलेले हुकूम जर्मन सरसेनापतींची श्रवणपथके ऐकतील आणि आपण किती पुढे चाललो आहोत हे त्यांना कळेल, हे त्यांना ठाऊक होते. उत्तर आफ्रिकेत याच गोष्टीने रणांगणाचे पारडे फिरवले. आल्फ्रेड सीबोम यांच्या हाताखालची, जर्मन सेनापती रोमेल यांची श्रवण-कंपनी ब्रिटिश तुकड्यांचे मोकळेढाकळे बोलणे ऐकून कोण कुठे आहे, कुणाचे पेट्रोल संपले, कोण कुठे निघाले हे रोमेलना तासाभरात सांगत असे. 10 जुलै 1942 रोजी तेल अल ईसा येथे ऑस्ट्रेलियन सैन्याने ती कंपनी कागदपत्रांसह पकडली, तेव्हा आपल्या ढिलाईची व्याप्ती ब्रिटिशांना कळली आणि बोलण्याची शिस्त कडक झाली. पण यातून कुणी बिनतारी सोडून दिली नाही. उपाय निघाला तो कमी बोलण्याचा, संकेतांचा आणि पुढे आवाजच गुपित करण्याचा. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी सैन्यात आलेला सिन्कगार्स हा संच 30 ते 88 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या 2,320 वाहिन्यांवर सेकंदाला शंभराहून अधिक उड्या मारत बोलतो. त्यासाठी समूहातल्या प्रत्येक संचाचे घड्याळ जुळलेले असावे लागते आणि सगळ्यांकडे एकच किल्ली असावी लागते. एक संच शत्रूच्या हाती लागला की साऱ्यांच्या किल्ल्या बदलाव्या लागतात. समूहाने हवा वाटून घेतली की धोकाही वाटून घ्यावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आणखी एक मोठी भर घातली. एडविन आर्मस्ट्राँग यांनी एफएम पद्धतीचे आपले पेटंट सैन्याला युद्धकाळात मोबदल्याविना वापरू दिले. मोटोरोलाचे पूर्वरूप असलेल्या गॅल्विन कंपनीत डॅनियल नोबल यांच्या हाताखाली पाठीवरचा एससीआर-300 संच तयार झाला आणि पायदळाची चालती तुकडीही या जाळ्यात आली. इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर एफएममध्ये जवळपास नाहीशी होते. पण एफएमचा एक धर्म असा, की दोघे एकदम बोलले तर जोरदार लहर ऐकू येते आणि दुबळी पूर्ण बुडते. बोलणाऱ्याला वाटते आपले ऐकले गेले. ऐकणाऱ्याला तो बोलला हेच कळत नाही. म्हणून तंत्रासोबत बोलण्याची रीत अधिक कठोर झाली. जाळ्याला एक नियंत्रक केंद्र. त्याने सर्वांना हाक दिली की प्रत्येकाने ठरलेल्या क्रमाने उत्तर द्यायचे. आपले बोलणे संपले हे एका शब्दाने सांगायचे. न समजलेला भाग पुन्हा मागायचा. तातडीच्या संदेशाला बाकीच्यांनी वाट द्यायची. भारतीय रणगाडा दलाच्या जवानांना अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये गाडी आणि तोफेइतकीच ही रीतही शिकावी लागते. ही रीत म्हणजे माणसांनी पाळलेला प्रोटोकॉल होता. पुढे यंत्रे एकमेकांशी बोलू लागली तेव्हा हाच धडा त्यांना पहिल्यापासून गिरवावा लागला.

त्या धड्याची सुरुवात हवाई बेटांवर झाली. नॉर्मन अब्रामसन यांच्या अलोहानेटमध्ये 1971 सालापासून बेटाबेटांवरचे संगणक एकाच बिनतारी वाहिनीवर मनाला येईल तेव्हा संदेशाचे पॅकेट सोडत. टक्कर झाली तर थोड्या वेळाने पुन्हा सोडत. अब्रामसन यांनी गणिताने दाखवले, की अशा बेशिस्तीत वाहिनीच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त 18.4 टक्के उपयोगी पडते. बोलायला ठरावीक क्षणीच सुरुवात करायची, एवढा एकच नियम लावला की हा आकडा दुप्पट होतो. त्याच संचात, त्याच हवेत, केवळ एका नियमाने हा फरक पडतो. पण केंद्राकडून सगळ्यांकडे जाणारी वेगळी वाहिनी होती, तिथे बोलणारा एकच असल्याने टक्कर नव्हतीच. एफयू-2 च्या रचनेतला शहाणपणा इथे आकड्यांत दिसतो. 1975 मध्ये फुआद तोबागी आणि लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी दुसरी अडचण मांडली. बोलण्यापूर्वी हवा मोकळी आहे का ते ऐकावे, हा नियम चांगला; पण टेकडीच्या दोन बाजूंना असलेले दोन संच एकमेकांना ऐकू शकत नाहीत, आणि टेकडीवरच्या तिसऱ्याला दोघेही ऐकू येतात. दोघांना हवा मोकळी वाटते, दोघे बोलतात आणि तिसऱ्याच्या कानी फक्त गोंगाट येतो. सपाट प्रयोगशाळेत न दिसणारी ही अडचण डोंगराळ रणभूमीवर रोजची आहे.

याच सुमारास अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेत, म्हणजे आर्पात, रॉबर्ट काह्न यांनी फिरत्या पॅकेट रेडिओचा प्रकल्प हाती घेतला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती डोंगरमाथ्यांवर पुनःप्रक्षेपक उभे राहिले आणि एसआरआय संस्थेची संचांनी भरलेली व्हॅन रस्त्यावर धावू लागली. 22 नोव्हेंबर 1977 रोजी त्या धावत्या व्हॅनमधून निघालेली पॅकेटे पॅकेट रेडिओ, आर्पानेट आणि अटलांटिक ओलांडणारे उपग्रह-जाळे अशा तीन जाळ्यांतून फिरून दक्षिण कॅलिफोर्नियातल्या संगणकावर पोहोचली. आज आपण ज्याला इंटरनेट म्हणतो त्याच्या जन्माचा हा एक महत्त्वाचा दाखला, आणि तो एका सैनिकी चालत्या रेडिओच्या गरजेतून आला. या जाळ्यातली एक युक्ती मला फार मोलाची वाटते. आपण दिलेले पॅकेट शेजाऱ्याने पुढे पाठवले की ते आपल्यालाही ऐकू येते. तेवढे ऐकणे हीच पोच मानायची, वेगळी पोच मागायची नाही. हवा सगळ्यांची आहे, ही अडचण इथे सोय झाली. सुरुवातीला वाटा ठरवण्याचे काम एका मध्यवर्ती केंद्राकडे होते. ते केंद्र पडले की जाळे पडणार, म्हणजे कठड्याच्या एरियलवाल्या प्रमुख रणगाड्याचा धोका नव्या रूपात परत आला. म्हणून पुढे प्रत्येक संच दर साडेसात सेकंदांनी आपली हजेरी हवेत सोडू लागला आणि त्या हजेऱ्यांवरून सगळ्यांनी मिळून वाटा ठरवायला सुरुवात केली.

मात्र या जाळ्यांचा ओढा हळूहळू एका संगणकापासून दुसऱ्या संगणकापर्यंतच्या संभाषणाकडे वळला, कारण तारेच्या इंटरनेटची तीच सवय होती. स्टीव्ह डीअरिंग यांनी 1989 साली समूहाला एकदम पॅकेट पाठवण्याची रीत इंटरनेटसाठी नोंदवली. ती फिरत्या बिनतारी जाळ्यात आणताना अडचणी रांगेने उभ्या राहिल्या. नागरी वाय-फायच्या 1997 सालच्या मानकात एकाला पाठवलेल्या पॅकेटची पोच मिळते. समूहाला पाठवलेल्याची मिळत नाही, कारण शंभर जणांनी एकदम पोच दिली तर त्या पोचाच एकमेकींवर आदळतील. सर्वांपर्यंत पोहोचवायचे म्हणून ऐकणाऱ्या प्रत्येकाने संदेश पुन्हा उच्चारला, तर तीच हवा पुनरुक्तीने भरून जाते. तैवानमधील संशोधकांनी 1999 मध्ये या स्थितीला प्रक्षेपणाचे वादळ असे नाव दिले आणि बहुतेक पुनरुच्चार निरुपयोगी असतात हे दाखवले. यावरचे जे उपाय टिकले ते जुन्या सिग्नल-जवानाला ओळखीचे वाटतील. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतून आलेल्या आणि 2009 साली मानक झालेल्या नॉर्म या प्रोटोकॉलमध्ये ज्याला मिळाले त्याने गप्प बसायचे आणि ज्याचे पॅकेट चुकले त्यानेच मागणी करायची. दुसऱ्या कुणी तीच मागणी केलेली ऐकली तर आपण पुन्हा करायची नाही. समजले नसेल तर पुन्हा सांगा म्हणा, एरवी हवा अडवू नका, हीच ती युद्धकाळातली रीत.

आता कुणी म्हणेल, की ही सारी अपुऱ्या तंत्राची लक्षणे आहेत. संच वेगवान झाले की शिस्तीची गरज संपेल. याला गणिताने उत्तर दिले आहे. 2000 साली इलिनॉय विद्यापीठातील पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी सिद्ध केले, की एकमेकांमार्फत निरोप पोहोचवणाऱ्या बिनतारी जाळ्यात संच वाढत जातात तशी प्रत्येकाच्या वाट्याची गती घटत जाते. ढोबळ हिशेबाने संच चौपट झाले की जोडी-जोडीच्या संभाषणाला मिळणारी गती जवळजवळ निम्मी होते. संचाचा मूळ वेग वाढवला तरी हा उतार बदलत नाही. मात्र 2006 साली राइस विद्यापीठातील संशोधकांनी समूहाला पाठवायच्या संदेशांचा हिशेब मांडला, तेव्हा वेगळे चित्र दिसले. सगळ्यांपर्यंत पोहोचणाऱ्या संदेशांची एकूण क्षमता संच वाढले तरी कोसळत नाही. ती फक्त बोलणाऱ्यांत वाटली जाते. म्हणजे कान कितीही वाढवा, तोंडे मोजकी ठेवा. सॉल्सबरीच्या पठारावर आणि पॅन्झर तुकड्यांत अनुभवाने आलेली रचना पाऊण शतकानंतर सिद्धांत म्हणून मांडली गेली. संच फिरते असतील तर क्षमता वाढते असेही माथियास ग्रॉसग्लाउसर आणि डेव्हिड त्से यांनी दाखवले आहे. पण त्यात निरोप घेऊन फिरणारा संच योग्य माणसाजवळ पोहोचेपर्यंत थांबावे लागते. तोफेच्या तोंडी उभ्या असलेल्या तुकडीला ती सवड नसते.

हे न ओळखण्याची किंमत अमेरिकेने मोठी मोजली. 1997 मध्ये सुरू झालेल्या जेटीआरएस या प्रकल्पाचे ध्येय भव्य होते: जुने सगळे संच काढून सॉफ्टवेअरने रूप बदलणारा एकच रेडिओ, आणि त्याच्या जाळ्यातून प्रत्येक वाहनाला आवाज, नकाशे, चित्रे सारे काही. अब्जावधी डॉलर खर्चून ऑक्टोबर 2011 मध्ये त्यातला वाहनांवरचा मुख्य संच रद्द झाला. अपयशाची कारणे अनेक होती: आकार, वजन, किंमत, सतत वाढत गेलेल्या अपेक्षा. पण त्या अपेक्षांच्या मुळाशी एक समज होती, की सगळ्यांना सगळे काही, सगळीकडून मिळू शकते. उलट 2003 साली इराकमध्ये उपग्रहामार्फत चालणाऱ्या एका साध्या यंत्रणेने अधिक काम केले. ती प्रत्येक वाहनाची जागा काही मिनिटांच्या अंतराने सगळ्यांच्या नकाशावर दाखवत असे, एवढेच. छोटा संदेश, तोच सर्वांना, ठरलेल्या अंतराने. उपग्रह आले की डोंगर आड येत नाहीत, हे खरे. पण उपग्रहाचा लहरीपट्टाही सगळ्यांत वाटलेलाच असतो, आणि तो दडपून टाकण्याचे मार्ग प्रतिपक्षाजवळ असतात. वाटणीचा प्रश्न जमिनीवरून आकाशात गेला, सुटला नाही.

या सगळ्यातून एक निकष हाती येतो आणि तो आपल्यालाही उपयोगाचा आहे. डेहराडूनच्या संरक्षण प्रयोगशाळेत आणि बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या सैनिकी रेडिओवर काम होत आहे, आणि अशा संचांची वाखाणणी सहसा त्यांच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला किती आकडे जातात यावर केली जाते. तो आकडा दोन संचांमधला असतो; तुकडीबद्दल तो जवळपास काहीच सांगत नाही. विचारायला हवे ते वेगळेच. तुकडी चालत असताना, डोंगर आड असताना, दोन संच बंद पडले असताना आणि शत्रू हवा बिघडवत असताना एक हुकूम सर्वांत शेवटच्या जवानापर्यंत किती वेळात पोहोचतो? ज्याच्यापर्यंत तो पोहोचला नाही त्याची खबर प्रमुखाला कधी लागते? एक संच शत्रूच्या हाती पडला तर उरलेल्यांच्या किल्ल्या किती लवकर बदलता येतात? या चाचण्या सपाट मैदानात चार संच मांडून होत नाहीत. पूर्ण आकाराची तुकडी खऱ्या भूभागावर हलवूनच त्या कराव्या लागतात. जे सैन्य आपल्या रेडिओकडून या प्रश्नांची उत्तरे खरेदीपूर्वी मागेल, त्याला ती उत्तरे लढाईत रक्त सांडून शोधावी लागणार नाहीत.